उपाशी माश्यांचं पत्रक

पत्रक आधीच लिहून झालं होतं. तपासणीचा निकाल तेवढा यायचा होता.

करंजाड्यात आमच्या इमारतीमागे काकीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत. माश्या कमी होत गेल्या आणि जीव एकाच पेटीत उरला. समोरच्या सोसायटीत डासांसाठी धूर मारतात. मला तेवढं पुरलं. 'आमच्या माश्यांना विष घालणाऱ्यांनो,' अशी मी सुरुवात केली. हा बाबांचाच नियम. पत्रकाच्या पहिल्या ओळीत गुन्हेगार दिसला पाहिजे. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी ते लढत होते, तेव्हा मी वाचायला शिकलो तो त्यांच्या पत्रकांवरच.

काकीची मुलगी, आमची ताई, वाशीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने काही माश्या बर्फावर ठेवून सुस्त केल्या आणि केसासारख्या काचेच्या नळीने त्यांच्या पाठीतून रक्त ओढलं. ते लाल नव्हतं, फिकट पिवळसर थेंब होता. त्यातली प्रथिनं वेगळी केली की पट्टे उमटतात. पिल्लांना भरवणारी माशी नीट खातपीत असेल, तर त्यातला एक पट्टा चांगला जाड दिसतो. ताईने सुदृढ पेटीतल्या माश्यांचे पट्टे शेजारी ठेवले होते. आमच्या माश्यांत तो पट्टा जेमतेम दिसत होता.

"उपाशी आहेत," ताई म्हणाली.

"काकी रोज साखरेचा पाक ठेवते."

"पाकाने उडायचं बळ येतं. प्रथिनं परागातून मिळतात. आता तिथे फुलं कुठे उरलीत?"

"पण विष नव्हतंच, असं यावरून म्हणता येत नाही ना?"

"नाही येत." तिने माझ्याकडे पाहिलं. "पण तुझं तोंड का उतरलंय?"

माझं तोंड खरंच उतरलं होतं. मला विष हवं होतं. काकीच्या माश्या विषाने मेल्या असत्या, तर मी खूश झालो असतो. परतताना बसमध्ये मी पत्रक उघडलंसुद्धा नाही.

घरी काकी दारातच होती. "काय आयलं, पोरा? धुरानीच मेल्या ना?"

"नाय काकी. भुकेनं."

"मी तं रोज घालतंय," ती म्हणाली आणि हातातला पाकाचा टोप खाली ठेवला. तिला वाटलं, तिचंच चुकलं.

"तुझं काय नाय त्यात. त्यांना फुलं पायजेत."

"फुलं व्हती की," असं म्हणून ती भाड्याच्या खोल्यांकडे बघत राहिली. तिचा वाल, तिचे भोपळ्याचे वेल, सगळं तिथे होतं. त्या जागेवर खोल्या बाबांनी बांधल्या. माझं शिक्षण त्या भाड्यावर झालं, माझी पत्रकंही त्याच भाड्यातून छापली गेली. आता मागे एक पट्टी उरली होती, शेवगा आणि चार वेलांची. भाडेकरूंच्या गाड्यांसाठी तिथेही सिमेंटचे ब्लॉक बसणार होते.

संध्याकाळी मी बाबांना म्हणालो, "ती पट्टी राहू द्या."

"मग गाड्या काय तुझ्या पत्रकावर लावायच्या?"

"शेवटची पेटी मरेल, बाबा."

"मग काढ की माझ्याविरुद्ध पत्रक," ते चहा ओतता ओतता म्हणाले. "पहिल्या ओळीत नाव टाक. शिकवलंय ना तुला?"

ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. कारण त्यांच्याबरोबर मला माझंही नाव टाकावं लागलं असतं, आणि ते टाळायला हसणं सोपं होतं.

ब्लॉकचा टेम्पो आला तेव्हा बाबांनी वरून हाक मारली, आणि गेट मीच उघडलं. काकी ताईने सांगितल्याप्रमाणे सोयाबीनचं पीठ पिठीसाखरेत मळत बसली होती, माश्यांसाठी. पेटीकडे बोट करून ती म्हणाली, "एक बाजू धर, पोरा." आम्ही दोघांनी पेटी उचलून भिंतीला लावली. आत गुणगुण होती, बारीक.

मग टेम्पो मागे घेताना शेवग्याची खालची फांदी मोडली. काकीने तिच्यावरची फुलं ओच्यात खुडली आणि पेटीच्या तोंडाशी नेऊन ठेवली.

पत्रक अजून फोनमध्ये आहे. 'आमच्या माश्यांना' एवढंच ठेवून पुढचं मी पुसून टाकलंय.