चंद्रभानचा पूर्वपक्ष

चंद्रभान ठवकरशी वाद घालण्यात एक मोठी सोय होती. तुम्हाला स्वतःला काही बोलावं लागत नसे. तुमचा मुद्दा तोच मांडायचा, तोही तुमच्यापेक्षा चांगला, आणि मग तोच खोडून काढायचा. तुम्ही आपलं तर्रीपोहे खात बसायचं.

ही गोष्ट सत्तर-एकाहत्तरची. नागपूरच्या ज्या कॉलेजात आम्ही होतो त्याचं नाव सांगत नाही, कारण तिथले दोन-चार लोक अजून मला ओळख देतात. चंद्रभान रामटेकजवळच्या खेड्यातला, घरी धानाची शेती. गावात धान भरपूर आणि ऐकणारी माणसं कमी, म्हणून आपण शहरात आलो असं तो सांगे. मला ते खरं वाटतं. ऐकणारे मिळाले की तो जेवणसुद्धा विसरायचा.

तेव्हाच्या वादविवाद स्पर्धांचा रिवाज बाहेरच्या माणसाला वेडगळ वाटेल. प्रत्येक कॉलेजानं दोन वक्ते पाठवायचे. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरुद्ध. दोघांच्या गुणांची बेरीज करून ज्याची जास्त त्या कॉलेजाला फिरती ढाल. म्हणजे एसटीत शेजारी बसून एकाच डब्यातली पोळीभाजी खायची आणि व्यासपीठावर चढलं की एकमेकांची सालटी काढायची. आमच्याकडून बाजूनं बोलायची प्रेमिला, विरुद्ध बोलायचा चंद्रभान. मी राखीव वक्ता. दोघांपैकी कोणाचा घसा बसला तर मी उभा राहणार होतो. चार वर्षांत कोणाचा घसा बसला नाही. मी घड्याळ धरायचं काम केलं आणि अमरावतीपासून चंद्रपूरपर्यंतची सगळी एसटी स्टँडं पाहिली.

आमचे संस्कृतचे प्राध्यापक दत्तोपंत यांनी चंद्रभानला एक शास्त्र शिकवलं होतं. आधी पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष. विरोधकाला जे म्हणायचं आहे ते आधी आपणच म्हणायचं, पूर्ण म्हणायचं, त्यात कसूर करायची नाही, आणि मग एकेक मुद्दा घेऊन पाडायचा. दत्तोपंतांचं हे शास्त्र त्या पोरानं असं अंगी बाणवलं की सहा मिनिटांतली चार तो पूर्वपक्षावरच घालवायचा. वर्ध्याला एकदा विषय होता, ‘यंत्रानं माणसाचं सुख हिरावलं आहे’. चंद्रभान विरोधात बोलायला उभा राहिला आणि यंत्रांना इतक्या जिव्हाळ्यानं शिव्या घातल्या की शेवटची घंटा होईस्तोवर त्याचं ‘परंतु’ आलंच नाही. परीक्षकांनी त्याला बाजूनं बोलणाऱ्यांत पहिला नंबर दिला. प्रेमिला दुसरी आली. परतीच्या एसटीत ती इतकी हसली की कंडक्टरनं तब्येत विचारली.

त्याच प्रवासात कधीतरी चंद्रभान तिच्यात अडकला असावा. मला त्यानं सांगितलं ते बी.ए. झाल्यावर, आणि सांगतानाही आधी न अडकण्याची सहा कारणं दिली.

आता खरी अडचण. प्रेमिलाचे वडील मनोहरराव धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. ‘जेवणानंतर, तीनदा’ याच्यापलीकडे ते सहसा बोलत नसत. त्यांनी भंडाऱ्याचा एक ओव्हरसियर पाहून ठेवला होता. जात सगळ्यांची एकच होती, म्हणून अर्धी लढाई न लढताच मिटली होती. उरलेली अर्धी मात्र चंद्रभानला लढायची होती. प्रेमिलानं त्याला निरोप दिला, “शनिवारी चार वाजता येऊन बाबाशी बोल. पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याचे लोक सुपारी घेऊन येऊन राहिले. त्याच्यानंतर बोलून काही फायदा नाही.”

मध्यस्थ म्हणून मला जावं लागलं. वाटेत मी त्याला सांगितलं, “हे पाय, सरळ म्हण. मले तुमची पोरगी पसंत हाय, तिले मी पसंत हाय. संपलं.”

“आन् त्याईच्या मनात शंका असन तं?” चंद्रभान म्हणाला. “त्या आपणच आधी काढून टाकल्या पाहिजे न गा.”

तेव्हाच मी त्याला ओढत परत न्यायला हवं होतं. माझी अक्कल कुठे गेली होती कोणास ठाऊक.

मनोहररावांनी आम्हाला बसवलं, चहा आला. पाच वाजता त्यांचा दवाखाना उघडायचा, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे त्यांचं अर्धं लक्ष होतं. “बोला,” ते म्हणाले. आणि चंद्रभान उठून उभा राहिला. कोणाच्या घरी बसून बोलतात हे तो त्या क्षणी साफ विसरला. एरवी आमच्यासारखंच बोलणारा हा गडी थेट व्यासपीठावरच्या भाषेत सुरू झाला.

“आदरणीय काका, माझ्याविरुद्ध प्रथम असा आक्षेप येईल की मला कायमची नोकरी नाही. हा आक्षेप बिनबुडाचा नाही. मी ज्या शाळेत शिकवतो तिथली जागा तीन महिन्यांची आहे. याआधीची जागा मी मुख्याध्यापकांशी वाद घालून सोडली.”

मनोहररावांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“दुसरा आक्षेप घराचा. महाल भागात एका खोलीत आम्ही चौघे राहतो आणि त्यातला एक पेटी शिकतो. तिसरा, माझ्या गावी रोवणीच्या दिवसांत घरच्या सुनेला चिखलात उतरावं लागतं. माझी आई या बाबतीत कोणाचं ऐकत नाही.”

मी त्याचा सदरा मागून ओढला. त्यानं तो सोडवून घेतला. चौथा आक्षेप त्याच्या तापट स्वभावाचा होता, पाचवा चष्म्याच्या नंबराचा. एकेका मुद्द्याला त्यानं असा काही आकार दिला की मी बाप असतो तर मीसुद्धा त्याला मुलगी दिली नसती. शेवटी त्यानं श्वास घेतला, बोट वर केलं आणि ‘परंतु’ म्हणाला.

“पावणेपाच झाले,” मनोहरराव उठले. “मले जा लागते. तुमी इमानदार माणूस आहा. थोडंफार मलेही वाटूनच राहिलं होतं, पण इतकं सारं मले कोणी सांगतलं नोतं.”

“काका, उत्तरपक्ष राहिला...”

“राहू द्या आता.” त्यांनी चपला पायात घातल्या.

चंद्रभानचं बोट अजून वरच होतं. त्याचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा त्याच्यावर राग न येता भडभडून आलं. ढाल काही पुढच्या वर्षीही जिंकता येते. इथे पुढचं वर्ष नव्हतं.

तेवढ्यात आतल्या दारात प्रेमिला येऊन उभी राहिली. हात ओले होते, ते पदराला पुसत ती म्हणाली, “बाबा, थांबा जरासे. यानं सांगतलं ते सारं खरं हाय. उलट दोन गोष्टी त्यानं सांगतल्याच नाही. तो एसटीत घोरते. आन् सकाळी चहाच्या आधी कोणी बोललं तं त्याच्या अंगावर जाते.”

“मंग?” मनोहरराव म्हणाले.

“मंग काही नाही. मले त्याच्याशीच लगन करायचं हाय.”

“काहून वं?”

 प्रेमिला व्यासपीठावर कधी ऐकला नव्हता अशा हळू आवाजात बोलली. “चार वर्षं माझ्याविरुद्ध बोलला हा. पण मी काय म्हणून राहिली, ते आधी पुरं ऐकलं. दुसऱ्याईले माझं म्हणणं सांगाचं पडलं तं माझ्याहून चांगलं सांगतलं. या घरात माझं इतकं कोणी ऐकलं, बाबा? त्या भंडाऱ्यावाल्याचं तुमी सारं इचारलं. मले काही इचारलं का?”

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तोही थांबला. तिची आई, कौशल्याबाई, आत उभी राहून ऐकत होती हे आम्हाला तेव्हा कळलं.

मनोहरराव उंबरठ्याजवळ तसेच उभे राहिले. घड्याळात पाच वाजत आले होते, त्यांनी तिकडे पाहिलं नाही. मग चपला काढून ते परत खुर्चीत येऊन बसले.

“तुमचं काहीतरी राहिलं होतं,” ते चंद्रभानला म्हणाले. “सांगा.”

 चंद्रभानच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं लपवलंही नाही. “काही नाही जी,” तो म्हणाला.

मनोहररावांनी कोनाड्यातून पोस्टकार्ड काढलं, पेनचं टोपण उघडलं. भंडाऱ्याचा पत्ता लिहिला आणि कार्ड पालटलं. मग मान वर न करता पोरीला म्हणाले, “काय लिहू, ते तू सांग.”