आखडलेली बोटं

आमच्या हिच्या मोदकांच्या कळ्या शेजारच्या गावातूनही मोजता येतात. परवा मात्र कळी काढताना तिची बोटं आखडली आणि मोदक मुठीतच चिरडला. "हात गेला हो माझा," ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "मॅग्नेशियम उतरलंय. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की होतं कधीकधी. भरून निघेल." ती गोळी रोज मीच कौतुकाने तिच्या तळहातावर ठेवत आलो होतो.

आवळलेला स्नायू सैल व्हायला मॅग्नेशियम लागतं म्हणे. तरुणपणी मी रेड्याची शेपटी धरली, तर रेडाच दमून बसला. पण सोडायलाही अंगात काही लागतं, हे कुठे ठाऊक होतं!

आज पुन्हा तिची बोटं वळली. मी चोळत बसलो. बोटं हळूहळू उमलली.

"सोडा आता," ती हसली, "तुमचीच मूठ उघडेना झालीय."