आधी मासा, मग रीळ

लीलाधरच्या हातून मासा मेला, असं आजही बुऱ्हाणपुरातल्या कुणा जुन्या माणसाला सांगितलं तर तो आधी तुमच्या तोंडाकडे बघत राहील आणि मग म्हणेल, काहीतरीच काय सांगता. गळ्यात तुळशीची माळ घातलेला माणूस हा. बाजारात मासे विकणाऱ्या भोयांच्या टोपल्या दिसल्या की धोतराचा सोगा नाकाला लावून पलीकडच्या गल्लीत शिरायचा. त्याचे वडील वामनदादा तर त्याच्यावर कडी. शेजारी कुणी मासे तळले तर ते भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घामाघूम होऊन बसायचे. अशा घरातला हा. पण मेला, त्याच्याच हातून मेला, आणि अख्ख्या तापीत तो एकच मासा असा होता की जो मरून चालणार नव्हतं.

घर कलाबतूवाल्यांचं. सोन्याचा मुलामा दिलेली केसासारखी बारीक तार पिवळ्या रेशमावर गुंडाळली की झाली कलाबतू. पागोट्यांचे पदर, दरबारी अंगरखे, हत्तीच्या झुली, सगळीकडे तीच. इंदूर, धार, देवास, बडवानी, सगळ्या दरबारांचं काम या घरात यायचं. अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली आणि हळूहळू ते काम बंदच पडलं. हत्तीच विकायला काढले तर झूल हवी कुणाला? लीलाधरची स्वराज्याबद्दल काही तक्रार नव्हती, झेंडावंदनाला तो पहिल्या रांगेत असायचा. पण रोज सकाळी कारखाना उघडायचा, तार गुंडाळायच्या रिकाम्या फिरक्या पुसायच्या, एकेक फिरकी बोटानं फिरवून तिचा आवाज ऐकायचा आणि दुपारी कुलूप लावायचं, असं दीड वर्ष चाललं. अठ्ठावीस वर्षांचा धडधाकट माणूस. वडील तीन वर्षांपूर्वी गेलेले. बायको शोभा शेजारणींना म्हणायची, हे अशानं एक दिवस वेडे होतील.

पन्नास सालच्या कार्तिकात नेपानगरहून एक गोरा साहेब दारात आला. तिकडे कागदाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, त्यावरचा हा इंजिनियर, हॅलम नावाचा. त्याला सोनेरी तार हवी होती, अगदी बारीक. कशाला म्हणून विचारलं तर त्यानं खिशातून डबी काढली. आत कोंबड्याच्या पिसांची बांधलेली खोटी माशी, आणि माशीच्या पोटातून निघालेला गळ. तिच्या अंगावर सोनेरी तारेचे वेढे होते, पण इतके बेंगरूळ की लीलाधरला बघवेना. त्यानं ती हातात घेतली, वेढे उलगडले आणि नव्यानं घालून दिले. साहेब किती तरी वेळ माशीकडेच बघत राहिला. पुढच्या रविवारी त्यानं लीलाधरला नदीवर बोलावलं आणि हा गेला. कामासाठी जातो, असं शोभाला सांगून गेला.

तिथे त्याला पहिला धक्का बसला. साहेबानं हातभर मासा ओढत काठाला आणला, ओल्या हातांनी धरला, गळ काढला आणि परत पाण्यात सोडून दिला.

"छोड़ दिया?" लीलाधर म्हणाला. "फिर पकड़ा काहे को?"

"खेल है," साहेब म्हणाला.

हे लीलाधरच्या डोक्यातून जाईना. मारायचं नाही, खायचं नाही, धरायचं आणि सोडायचं. मग माळेला बाध येतो कुठे? माणसाला एखादी गोष्ट करायचीच असली की त्याला किती चांगली चांगली कारणं सुचतात बघा.

माशा बांधून दिल्याबद्दल साहेबानं त्याला मासे धरायचं सामान द्यायचं कबूल केलं. बंगल्याच्या व्हरांड्यात टेबलावर गळाची दोरी गुंडाळायची तीन रिळं मांडली. एक पितळेचं, पातेल्याएवढं आणि चांगलंच जड. एक मधलं. तिसरं काळं, तळहातावर मावेल एवढं. साहेब आपल्या मोडक्या हिंदीत समजावत होता: आधी मासा ठरव. मग त्याला झेपेल अशी दोरी. मग त्या दोरीला साजेल अशी काठी. रीळ सगळ्यात शेवटी. पण लीलाधर ऐकायला होता कुठे. त्यानं लहान रीळ उचललं, बोटानं फिरवलं आणि ते थेट त्याच्या फिरकीसारखं बारीक कुरकुरत फिरलं. दीड वर्षात कामाचा असा आवाज त्याच्या हाताला लागला नव्हता.

"यही," तो म्हणाला.

साहेबानं डोक्याला हात लावला. यात तीसेक हात दोरी मावते, हे लहान माशांचं आहे, तापीतला मोठा बाडस लागला तर काय करशील? बाडस म्हणजे आपला महाशीर, भोई त्याला बाडस म्हणतात. लीलाधरनं सगळ्याला मान हलवली आणि तेच घेतलं.

आता लीलाधरच्या आईचं, मथुराबाईंचं सांगायला हवं, म्हणजे पुढचं ऐकून माझ्यासारखंच तुमच्याही तोंडचं पाणी पळेल. लीलाधर सहा वर्षांचा असताना विषमज्वरानं एकवीस दिवस पडून होता. मथुराबाईंनी तापीला नवस बोलला की पोरगा उठला तर घाटावरच्या बाडसाला सोन्याची नथ घालीन. पोरगा उठला. वामनदादांनी सोन्याच्या तीन तारांना पीळ देऊन एक कडी केली, भोयांकडून एक बाडस धरवला आणि त्याच्या ओठात कडी घालून सोडून दिला. घाटावरच्या माशांना कुणी हात लावत नाही, कणकेच्या गोळ्या खाऊन ते नुसते माजलेले असतात. दर सोमवारी मथुराबाई कणीक घेऊन तिथे जायच्या. नथवाल्या माशानं तोंड वर काढलं की घरी येऊन लीलाधरच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि मगच जेवायच्या. मासा आहे तोवर पोरगा आहे, असा त्यांचा हिशेब. लीलाधर दहा वर्षांचा असताना मोठ्या पुरानंतर दोन सोमवार मासा दिसला नाही, तर बाईंनी अंथरूण धरलं होतं. तिसऱ्या सोमवारी त्यांना धरून घाटावर नेलं, मासा दिसला, तेव्हा कुठे सावरल्या.

घाटावर काठी न्यायची लीलाधरची हिंमतच नव्हती. तो जायचा दोन कोस वरच्या डोहावर, जिथे भोईसुद्धा क्वचित फिरकतात. पहिले पंधरा दिवस नुसती दोरी फेकायला शिकण्यात गेले. दोनदा गळ स्वतःच्या धोतरात अडकला, एकदा कानात. मग वीतभर मासे लागू लागले. धरायचा आणि सोडायचा. घरी येताना तो गुणगुणत यायचा. शोभाला त्यानं एव्हाना सगळं सांगितलं होतं. तिला ते पटलं नव्हतं, पण नवरा गुणगुणतोय म्हटल्यावर ती काही बोलली नाही.

एका गुरुवारी सकाळी काठी एकदम वाकली आणि रीळ किंचाळत सुटलं. तीस हात दोरी बघता बघता संपली. आता ओढावं तर तुटणार आणि सोडायला दोरी नाही. लीलाधर काठी धरून काठाकाठानं पळत सुटला, गुडघ्यापर्यंत पाण्यात, मग कमरेपर्यंत. शहाणा असता तर तिथेच दोरी तोडून मोकळा झाला असता. पण त्या खेळण्यातल्या रिळानं मासा थांबेनाही आणि जवळही येईना, असा तासाच्या वर त्यानं त्याला दमवला. शेवटी मासा आडवा होऊन तरंगत आला. लीलाधरनं त्याला उथळ पाण्यात घेतलं, गळ काढायला वाकला, आणि गळाशेजारी त्याला सोन्याची कडी दिसली. तीन तारांचा पीळ.

घाटावरचे मासे घाट सोडून जात नाहीत असं सगळं गाव म्हणतं, पण माशांना ते कुणी सांगितलं होतं? त्यानं घाईघाईनं गळ काढला आणि साहेब करायचा तसं माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांत धरून ठेवलं. कल्ले हलत होते. मग कमी कमी हलू लागले. "जा ना बाबा, जा," असं तो म्हणत राहिला, दुपार होईपर्यंत. मासा गेला नाही. त्यानं हात काढले तेव्हा तो पोट वर करून उलटला.

लीलाधरनं सगळ्यात आधी काय केलं माहीत आहे? स्वतःची नाडी बघितली. हसू नका. बावीस वर्षं ज्याला सांगितलंय की तुझा जीव त्या माशात आहे, तो दुसरं काय बघणार? नाडी नीट चालली होती. मग त्याला आई आठवली. मासा नाही दिसला तर ती अन्नपाणी सोडेल. पुराच्या वर्षी बाईच्या अंगात ताकद होती. आता साठीला आली, आता उठणार नाही.

वाळूत मासा पुरून, कडी कमरेला लावून तो घरी आला आणि मागच्या दारी शोभाला सगळं सांगितलं.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "दुसरा आणा."

"दुसरा कुठून आणू?"

"हा जिथून आणला तिथून. आणि आधी ते खेळणं बदलून या."

शुक्रवारी तो नेपानगरला गेला. साहेबानं विचारलं, कोणता मासा? लीलाधरनं दोन्ही हात पसरून लांबी दाखवली, मग बोटांनी तोंडाची रुंदी. "इतना. कम नहीं, जास्ती नहीं." माप घेऊन मासा धरायला निघालेला माणूस साहेबानं जन्मात पाहिला नव्हता. तो हसायला लागला. मग लीलाधरनं कडी काढून टेबलावर ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानं या वेळी सगळं क्रमानं काढलं. मासा ठरलेला होताच. त्याला झेपेल अशी जाड रेशमी दोरी, तिच्यामागे जोडलेली दीडशे हात पक्की सुतळी, लांब दणकट काठी. आणि शेवटी ते पितळेचं जड रीळ, ज्याला सुटती दोरी आवळून धरायची कळ होती. ते खडखड वाजायचं. आवाज ऐकायला लीलाधरनं ते फिरवूनसुद्धा बघितलं नाही.

शनिवारी दोन मासे लागले, दोन्ही मापात बसेनात. रविवारी त्यानं लोटू भोयाची नाव घेतली. लोटू म्हातारा, घाटावर जन्म गेलेला. लीलाधरनं अडखळत त्याला काय हवंय ते सांगितलं, तर त्यानं एका शब्दानं काही विचारलं नाही. दुपारी हवा तेवढा बाडस लागला. रीळ खडखडलं, पन्नास हात दोरी गेली, लीलाधरनं कळ आवळली, आणि पाव तासात मासा नावेजवळ आला, चांगला जिवंत, शेपटी आपटत. लोटूनं आधीच झाकणाची एक वेताची टोपली नावेच्या कडेला पाण्यात सोडून ठेवली होती.

"ही कुठून आणलीस?" लीलाधरनं विचारलं.

"घरात होती," लोटू म्हणाला.

तान्ह्या पोराचा कान टोचावा तशी लीलाधरनं कडी माशाच्या ओठात घातली आणि पीळ आवळला. लोटू काहीतरी बोलणार होता, पण गप्प बसला. मासा टोपलीतच घाटापर्यंत आणला, पाण्यात पायरीखाली बांधून ठेवला आणि सोमवारी उजाडताना सोडला.

त्या सोमवारी लीलाधर आईबरोबर घाटावर गेला. मथुराबाईंनी पायरीवर बसून पहिली गोळी टाकली. बाकीचे मासे रोजचे लाडावलेले, हा रात्रभराचा उपाशी, त्यामुळे सगळ्यांत आधी तोच वर आला. उन्हात कडी चमकली. लीलाधरचा जीव भांड्यात पडला. मथुराबाई मात्र कणीक हातात धरून माशाकडे बघत राहिल्या.

"गुरुवारी तू उशिरा आला," त्या म्हणाल्या. "अंगाला वास येत होता."

"माय, ते..."

"तुझे दादा पण असेच यायचे. दोन-दोन वेळा आंघोळ करायचे, तरी वास जायचा नाही."

मथुराबाई गोळ्या टाकत टाकत बोलत होत्या, आमटीत मीठ जास्त झालं हे सांगावं तितक्या सहज. "बावीस वर्षं दर सोमवारी तोंड बघते मी याचं. मासा बदलला तर मला ओळखता येणार नाही होय? तीन वेळा बदलला त्यांनी. मेलेला मासा लोटूच्या जाळ्यात यायचा, कडी तो गुपचूप यांना आणून द्यायचा. मग हे दोघं मिळून नवा धरायचे. पहिल्यांदा बदलला तो पुराच्या वर्षी. मी बघितलं, हा आपला मासा नाही. घरी आले तर तू अंगणात भोवरा फिरवत होता. मासा मरून गेला आणि तुला काही झालं नाही. तेव्हाच माझी भीती गेली."

"मग तू येते कशाला?" लीलाधरनं विचारलं.

"गळ्यात माळ घातलेला माणूस माझ्यासाठी नदीत उतरून मासे धरायचा. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं. मग येऊन बघायला नको?"

लीलाधर पायरीवर बसून राहिला. खिडक्या लावून घामाघूम होणारा बाप आणि लोटूच्या नावेत गळ टाकून बसलेला बाप, ही दोन माणसं त्याला काही केल्या एका जागी बसवता येईनात.

मथुराबाईंनी शेवटची गोळी टाकली आणि तापीत हात धुतले. "नथ डावीकडे असते रे," त्या म्हणाल्या. "शोभाच्या नाकात कधी बघितली नाही का? त्यांनी तिन्ही वेळा डावीकडेच घातली होती. पुढच्या वेळी नीट घाल."

मग त्यांनी ओल्या हातानंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जेवायला घरी निघाल्या.