कुंडीतली काळी माती

पोखर्णीजवळच्या आमच्या गावातलं घर पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा अंगणातला मोगरा पायाच्या आड यायला लागला. आई जाऊन सहा महिने झाले होते. न्हाणीच्या भिंतीला लागून तो तिनंच लावलेला. दिवस कलला की ती कळ्या खुडायची, ओल्या फडक्यात बांधून माठाच्या झाकणावर ठेवायची, आणि मग भाकरीला बसायची. जेवताना पाण्याचा तांब्या तोंडाला लावला की आधी वास यायचा.

"मोगरा मी नेते," मी म्हणाले. भावानं झुडूप मुळांसकट काढून दिलं. त्याच्याबरोबर मी अंगणातली काळी मातीही पोत्यात भरून परभणीला आणली. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत मोठी कुंडी ठेवली आणि तीच माती तिच्यात दाबून भरली. दुसरं काही मिसळावं असं मनातही आलं नाही.

दोन-तीन आठवडे बरे गेले. मग पानांनी माना टाकल्या. उन्हाचा तडाखा असेल म्हणून मी पाणी वाढवलं. पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग मधली. मी खत घातलं, पानं पुसून काढली, कुंडी सावलीत सरकवली. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे. पिण्याचं पुरवून वापरायचो, पण मोगऱ्याचा तांब्या मी सकाळ-संध्याकाळ चुकवला नाही. रोज झाडून काढताना सुपलीत पिवळी पानं यायची. ती केरात टाकायला हात व्हायचा नाही.

त्याच सुमारास दादा, माझे वडील, डोळे तपासायला परभणीला आले. चहा घेऊन ते सरळ गॅलरीत गेले. पानांकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. बोट मातीत खुपसलं, नाकाशी नेलं.

"आंबट वास यायलाय. किती पाणी घालतीस?"

"दोन टाइम. मान टाकायलंय ना ते."

"अगं बाई, तहानलेलं मान टाकतंय, तसं बुडालेलंबी टाकतंय. पानाला काय इचारतीस? बुडाला इचार."

त्यांनी कुंडी आडवी केली. खालचं छिद्र चिकणमातीनं गच्च बुजलं होतं. गोळा बाहेर आला तो चिखलाचाच. मुळं तपकिरी पडलेली, बोटानं ओढली की साल सुटून हातात यायची.

"पण दादा, माती आपल्याच अंगणातली हाय."

"म्हणूनच. अंगणात ही माती उन्हाळ्यात भेगाळती, तवा मुळाला हवा लागती. इथं तू तिला भेग कुठं पडू दिलीस?"

ते बादलीत मुळं खळबळून धुवायला लागले. माती सुटून पाणी काळं झालं, आणि मला एकदम रडू फुटलं. त्या मातीत आई रोज तांदळाचं धुवण ओतायची. ती माती अशी मोरीत जाणार होती. दादांनी हात थांबवला.

"तिची तुळस मी घालवली," ते म्हणाले. "कोणाला सांगितलं न्हाई. ती गेल्यावर घरात काय करावं कळंना. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवा लावताना पाणी. तुळस काळी पडली तरी मी आपला घालायलोच."

मला वाटत होतं तुळस बांधकामाच्या गडबडीत गेली. बापाला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी खाली बसले आणि मुळं त्यांच्यासोबत धुवू लागले.

सडलेली मुळं त्यांनी कात्रीनं छाटली. मी शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर वाळू मागून आणली, शेणखत आणलं. अंगणातली माती त्यांनी पूर्ण टाकून दिली नाही. वाळू आणि खतात दोन मुठी मिसळली. "इतकी बास," म्हणाले. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवला. आता बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी लागेल, तेव्हाच पाणी.

राहिलेली पानंही गळाली. महिनाभर कुंडीत नुसत्या काड्या होत्या. तांब्या उचलायचा आणि परत ठेवायचा, याचा मला फार त्रास झाला. मग एका काडीच्या बगलेत मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. मी दादांना फोन केला. "पाणी घालू नको," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात सात कळ्या आल्या. आता दादांना एसटीचा प्रवास झेपत नाही. कुठल्याही झाडाचं पान पिवळं पडलं की मी व्हिडिओ कॉल लावते, आणि ते फोन डोळ्यांजवळ धरून म्हणतात, "झाड राहू दे बाई, आधी तुझं तोंड दाखव."