अर्धा कप चहा पिणारे व्याही

दोन हजार तेवीस साली मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि तोवर माझी पक्की खात्री झाली होती की अख्ख्या लखनौत माझ्या व्याह्यांइतका मिजासखोर माणूस दुसरा नाही. हे शहर नवाबांचं, मिजाशीला इथे तोटा नाही. तरी पहिला नंबर मी व्याह्यांनाच दिला असता.

मी सांगली जिल्ह्यातला. चौथीत शाळा सोडली आणि चुलत्याबरोबर इथे गलाईच्या धंद्याला आलो. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवायचे, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून खोट काढायची आणि चोख सोनं सोनाराच्या हवाली करायचं. पन्नास वर्षं भट्टीपुढे बसलो, पण तेजाबाचा एक थेंब बाहेर सांडला नाही. कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. व्याही नागपूरचे, जीवरसायनाचे शास्त्रज्ञ. पेशी कशाकशाच्या बनतात ते शोधण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. बायको गेल्यापासून लखनौतल्याच महानगर नावाच्या वस्तीत एकटेच राहतात. त्यांची मुलगी माझी सून, आणि आमच्या दोघांत मिळून नात एकच, जुई. सगळा घोटाळा तिथेच आहे.

व्याह्यांच्या खिशात कायम आयोडीनची छोटी बाटली. खाण्याची वस्तू दिसली की त्यावर थेंब टाकल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. जुईच्या बारशाला मी अमीनाबादच्या बाजारात स्वतः उभा राहून पेढे आणले होते. हे पुढे झाले आणि पेढ्यावर थेंब टाकला. पेढा निळाकाळा पडला. "आबासाहेब, खव्यात मैदा आहे," असं ते सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले, आणि वर तो पेढा खाऊनही टाकला. त्या हलवायाशी मी दुसऱ्याच दिवशी भांडलो आणि त्याचं दुकान कायमचं सोडलं, पण हे व्याह्यांना अजून सांगितलेलं नाही. अलीकडे तर ते स्वतः थेंबसुद्धा टाकेनात. बाटली जुईपुढे सरकवायची आणि म्हणायचं, "तू टाक." मी मनात म्हटलं, आता यांना हाताखाली माणूसही लागायला लागला.

त्यांच्या नमस्काराची तीच तऱ्हा. लखनौच्या मे महिन्यातही अंगात जाकीट, दोन्ही हात खिशात, आणि नमस्कार नुसता मान हलवून. आमच्या गणपतीत आरतीचं ताट पुढे केलं तर म्हणाले, "तुम्हीच घ्या, मी टाळ्या वाजवतो." टाळ्याही वाजवल्या नाहीत. आणि चहा नेहमी अर्धा कप. सूनबाईनं चुकून जास्त ओतला तर कपाला हात लावायचे नाहीत. मी एकदा बोललोच, "पाहुणे, आमच्या घरी दूध भरपूर आहे." ते म्हणाले, "माहीत आहे, आबासाहेब. मीच अर्धा आहे."

पण या सगळ्यापेक्षा मला जुईचं जास्त लागत होतं. लहानपणी ती माझ्या मांडीवर बसून कसोटीच्या दगडावर सोन्याच्या रेघा ओढायची. अकरावीला जीवशास्त्र घेतलं आणि तिचा रविवार महानगरचा झाला. घरी आली की नानूंचा, म्हणजे व्याह्यांचाच पाढा. एकदा जेवताना मला सांगायला लागली, "आबा, दाल में प्रोटीन की माला होती है. पेट उसको तोड़ता है, मोती अलग करता है, फिर अपनी नई माला बनाता है. नानू बोले, तेरे आबा ज़िंदगीभर यही करते आए हैं." म्हणजे पन्नास वर्षांची माझी भट्टी या माणसानं पोटात घातली होती. रागावून मी त्या दिवशी डाळ घेतली नाही. खरं सांगायचं तर उपमा चोख होती, आणि ती मला सुचली नाही याचाच राग जास्त होता.

मग एक दिवस जुई म्हणाली, "बारहवीं तक मैं नानू के यहाँ रहूँ?" मी म्हटलं, "नाही." सून भाजी चिरत राहिली. आमच्या इंदिरा नगरातून महानगर काही लांब नाही, पण मुलगी एकदा तिकडे गेली की आपण फक्त फोनवरचे आबा होणार, हे मला दिसत होतं.

पुढच्या रविवारी दुपारी जुईनं व्याह्यांना आमच्याकडे बोलावून घेतलं. मला बसवून म्हणाली, "आबा, एक बार देख तो लो मैं वहाँ क्या करती हूँ." तिनं केळं कुस्करलं, त्यात मीठ, पाणी आणि भांड्यांचा साबण घातला, फडक्यानं गाळून एका पेल्यात घेतलं. फ्रिजमधून गार स्पिरिट काढलं. व्याही खिशात हात घालून बाजूला उभे. "हे कडेनं ओतायचं," ते म्हणाले, "इतकं हळू की खालच्या पाण्याला कळता कामा नये." जुईनं ओतलं आणि गढूळ झालं. दुसऱ्यांदाही तेच. ती वैतागून म्हणाली, "नानू, आप बताओ न कैसे." त्यांनी खिशातून हात काढला आणि बाटली धरली. बाटली पेल्याच्या काठावर टकटक, टकटक वाजायला लागली. त्यांनी ती खाली ठेवली आणि हात परत खिशात घातला.

मी उठलो, पेला तिरपा केला आणि तेजाब सोडतो तशी बारीक धार कडेनं सोडली. स्पिरिट वर वेगळं राहिलं. थोड्या वेळानं मधल्या रेघेवरून पांढरे धागे वर यायला लागले, पिंजलेल्या कापसासारखे. व्याही वाकून बघत होते. "हा डीएनए, प्रत्येक पेशीत असतो," ते म्हणाले, "केळ्यात, माझ्यात, तुमच्यात." मी म्हटलं, "आणि सोनं?" म्हणाले, "असतं. पण तुमच्या काट्यावर दिसणार नाही." जुईनं टाळी वाजवली आणि पाहिलं मात्र त्यांच्याकडेच. ओतलं मी होतं.

ते गेल्यावर मी जुईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सबको पता है. दो-तीन साल हो गए. आपको बताने से नानू ने मना किया था."

"मलाच का?"

ती पेला धूत होती. "कहते हैं, तुम्हारे आबा का हाथ देखा है? सत्तर पार, और एक बूँद नहीं हिलती. मुझे तो जलन होती है उनसे." मग हळूच म्हणाली, "वहाँ अब कोई चाहिए, आबा. बटन भी नहीं लगते उनसे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुईची बॅग ई-रिक्षात ठेवली, तिला शेजारी बसवलं आणि महानगरला गेलो. व्याह्यांनी दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा खिशातून दोन्ही हात काढून मला नमस्कार केला. हात कापत होते. मी पाहिलं आणि पाहिलं नाही. चहा मीच केला आणि मीच ओतला. त्यांचा कप अर्धा भरला. मग माझाही अर्ध्यावर थांबवला.