सापडलेल्या गाडीचा तपास

ती घटना मला आजही आठवते, आणि आजही ती मला नीट उलगडलेली नाही. चोर सापडत नाही, मुद्देमाल सापडत नाही, साक्षीदार उलटतात, हे सगळं नोकरीत अंगवळणी पडलेलं असतं. इथे मुद्देमाल आमच्या आवारात उभा होता, गाडी नेणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि तरीही मी माझ्या हाताने कागदावर लिहिलं की गाडी मिळून आली नाही. निवृत्तीला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. त्या वयात माणसाने पेन्शनचे कागद जमवावेत, नसती भानगड अंगावर घेऊ नये, हे मला कळत नव्हतं असं नाही.

दिवाळी नुकतीच संपली होती. सकाळची हजेरी आटोपून मी खोलीत बसलो होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदाराने टेंभी नाक्याच्या एका वृद्ध जोडप्याला आत पाठवलं. गृहस्थ पंचाहत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. भूमापन खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. तक्रार त्यांनी स्वतःच लिहून आणली होती. ते अक्षर पाहून मी जागेवरच सरळ बसलो. माझ्या अक्षराचा मला जरा गर्व आहे, पण त्या कागदापुढे माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते.

तक्रार अशी, की तरुणपणी घेतलेली त्यांची इंग्लिश बनावटीची मोटारसायकल इमारतीच्या मागच्या बाजूने चोरीला गेली होती. वीस वर्षं ती ताडपत्रीखाली उभी होती. चालत नव्हती, पण दर दसऱ्याला ते तिला धूत, हळदकुंकू वाहत, झेंडूचा हार घालत. मी इंजिन आणि चेसिसचा नंबर विचारला. त्यांनी दोन्ही नंबर पाढे म्हणावेत तसे म्हटले. नंतर जुनं आरसी बुक पाहिलं, तर एकही आकडा चुकला नव्हता. त्यांच्या पत्नी शेजारी गप्प बसल्या होत्या. मी आमच्या पोरांना बोलावून सांगितलं की बघा, याला म्हणतात स्मरणशक्ती. काकूंनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं होतं, पण त्या पाहण्याचा अर्थ मला लागला नाही.

आठ दिवसांनी खबर आली. शहाडचा एक भंगारवाला आमच्या तपास पथकाला अधूनमधून बातम्या पुरवायचा. त्याचं म्हणणं, डोंबिवलीचा एक फिटर त्याच्याकडे इंग्लिश मापाचे नटबोल्ट शोधत येतो. त्याने म्हणे घरातच गाडीची चेसिस कापली आहे.

"साहेब, कापलेला सगळा माल मला दिला त्याने. फक्त नंबरवाला टुकडा नाय दिला. घरी ठेवलाय बोलतो," भंगारवाला म्हणाला. "आता नंबर कापून घरी कोण ठेवतो, तुम्हीच सांगा."

तो मुद्दा मलाही पटला आणि खटकलाही. गाडीचोर सगळ्यात आधी नंबर नाहीसा करतो, कारण तोच त्याला अडकवतो. तो जपून ठेवणारा चोर मी तरी पाहिला नव्हता. स्टेशन डायरीत नोंद केली, डोंबिवलीच्या पोलिसांना कळवलं, दोन पंच घेतले आणि निघालो.

चार मजली जुनी इमारत, तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. दार उघडलं आणि हवालदार उंबऱ्यातच थबकला. अख्खी बाहेरची खोली एका मोटारसायकलने व्यापली होती. तिचा चाक धरणारा पुढचा चिमटा इतका लांब आणि तिरका, की पुढचं चाक स्वयंपाकघराच्या दारात गेलं होतं. फिटरची बायको ते चाक ओलांडून आत-बाहेर करत होती. उंच हँडलच्या एका टोकाला टॉवेल वाळत घातलेला. भिंतीला पाने, कानशी आणि नळ्या ओळीने टांगलेल्या. फिटर पन्नाशीचा, मूळचा कोकणातला. शहाडकडचा कारखाना बंद पडल्यावर आता अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवारी दिवसभर तो या गाडीवर काम करत होता.

मी विचारलं, हे काय आहे. तो म्हणाला, चॉपर. आमच्या खात्यात चॉपर म्हणजे हत्यार, त्यामुळे पंचांपैकी एक जण दोन पावलं मागे सरला. मग त्याने समजावलं, की साधी गाडी कापून, मान तिरकी करून, पुढून लांबवली की तिला चॉपर म्हणतात. लांब चिमटा त्याने स्वतः लेथवर केला होता. मागचा मडगार्ड स्वतः ठोकला होता. इंजिन आणि टाकी जुनी होती, पण इंजिनावरचा नंबर झिजून गेला होता. हवालदार पंचनामा लिहिता लिहिता थांबला आणि माझ्या कानाशी येऊन विचारू लागला, की साहेब, गाडी एक धरायची की अर्धी. मी त्याला म्हटलं, दिसतंय ते लिही.

नंबरचा तुकडा कुठे आहे, हे मी जरा आवाज चढवूनच विचारलं. फिटर देव्हाऱ्याकडे गेला. देवांच्या शेजारी लाल फडक्यात बांधलेली वीतभर लोखंडी नळी होती. चेसिसचा नंबर जिथे ठोकलेला असतो तोच हा मानेचा भाग. पण नंबर दिसत नव्हता. वर्षानुवर्षांच्या तेलकट कुंकवाचे थर त्यावर चढून दगडासारखे घट्ट झाले होते.

"साहेब, एवढ्या दसऱ्यांचं कुंकू लागलंय त्याला," फिटर म्हणाला. "ते भंगारात कसं टाकणार?"

हवालदार घासलेट मागायला स्वयंपाकघराकडे वळला. फिटरची बायको आडवी आली नाही, पण देवासमोर ते नका घासू, असं हळूच म्हणाली. पोलीस ठाण्यात नेऊन घासू म्हणून मी तुकडा फडक्यासकट ताब्यात घेतला. फडक्यात खाली एक घडी केलेला कागदही होता. पंचनाम्यात त्याची नोंद झाली, "एक जुना कागद, त्यावर मजकूर". तो तिथल्या तिथे वाचण्याची तसदी मी घेतली नाही. ही माझी चूक, आणि ती मी इथे लपवत नाही.

गाडी टेंपोतून ठाण्याला आणली. मुद्देमालाच्या खोलीच्या दारातून ती आत जाईना. सरळ घातली तर हँडल अडायचं, तिरकी घातली तर चाक. शेवटी आवारात पत्र्याखाली उभी केली. जो तो येऊन तिच्याभोवती फेरी मारू लागला, अगदी दुसऱ्या गुन्ह्यात पकडून आणलेला पाकीटमारसुद्धा.

फिटरला नोटीस देऊन रोज चौकशीला बोलावलं. तीन दिवस तो वेळेवर आला. चिमटा कसा केला, मान किती अंशांत कापली, वेल्डिंग कोणत्या रॉडने केलं, सगळं विचारण्याआधी सांगायचा. मी कधी दरडावलं, कधी समजावलं. गाडी कोणी दिली, एवढ्या एका प्रश्नाला मात्र त्याच्याकडे एकच उत्तर होतं.

"चोरीची नाय, साहेब. देणाऱ्याला शब्द दिलाय, नाव सांगणार नाय."

अशा उत्तराला कायद्यात किंमत नसते. वरिष्ठांचा फोन आला, की गाडी आवारात, माणूस समोर, मग अटक कशाची अडलीय. मी म्हटलं, उद्या करतो. अटक झाली की वर्कशॉपमधून त्याचं नाव कमी होणार, हे त्याला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी जाताना त्याने हवालदाराला विचारलं, की उद्या डबा घेऊन येऊ का इकडे मिळतं. हवालदाराने ते मला सांगितलं आणि मला जेवण गेलं नाही. तीन दिवस खोटं बोलणारा माणूस कुठेतरी वैतागतो, स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. हा वैतागत नव्हता, तो नुसता दुःखी होता, आणि दुःख कशाचं ते मला कळत नव्हतं.

सकाळी अटकेचे कागद तयार करायला मुद्देमालाची यादी काढली आणि तो जुना कागद पहिल्यांदा उघडला. उघडल्याबरोबर अक्षर ओळखलं. तक्रारीचा कागद शेजारी ठेवला. शंकेला जागाच नव्हती. लिहिलं होतं ते असं: पेट्रोलचा कॉक उघडावा. कार्बोरेटरवरील बटण दोनदाच दाबावे, जास्त दाबल्यास गाडी रुसते. मग सावकाश एक किक, मग जोरात दुसरी. पाठीमागे शाईने काढलेली एक आकृती होती. लांब चिमट्याची, मागे रेललेली मोटारसायकल, मापांसह, मानेचा कोन अंशांत लिहिलेला. जी गाडी आमच्या पत्र्याखाली उभी होती, तीच ती.

फिटर आला, डब्यासकट. मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. इतके दिवस मी त्याला अरेतुरे करत होतो. त्या वेळी तोंडातून आपोआप "तुम्ही" आलं.

तो सांगू लागला. दर नवरात्रात तो टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला यायचा. एका वर्षी त्या इमारतीच्या मागे ही गाडी दिसली आणि तो तिच्याजवळ उकिडवा बसला. तक्रारदार आजोबा खाली आले. मग दर वर्षी दोघं तासन् तास गाडीवर बोलायचे. तरुणपणी परदेशी मासिकात अशी लांब गाडी पाहून आजोबांनी ती आकृती काढली होती, पण संसारात ते राहून गेलं. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला त्यांनी गाडीची पूजा केली, चाकापुढे नारळ फोडला आणि गाडी फिटरच्या हवाली केली. पूर्ण होईपर्यंत घरी कळू द्यायचं नाही, मुलगा आधीच भंगारात द्या म्हणून मागे लागलाय, असा शब्द घेतला. मोकळ्या जागी ताडपत्री फुगवून ठेवली, म्हणून वर्षभर कोणाला पत्ता लागला नाही. यंदा दसऱ्याला धुवायला म्हणून आजोबांनीच ताडपत्री उचलली.

"त्यांना आठवत नाय, साहेब. मी मध्ये एकदा भेटायला गेलो तर म्हणाले, आपण कोण," फिटर म्हणाला. "आता पोलिसांत बसून मी काय सांगू? की तुमच्या म्हाताऱ्याचं डोकं चालत नाय?"

मी टेंभी नाक्याला गेलो. आजोबा झोपले होते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "जुने सर्व्हे नंबर सांगतात, काल काय जेवले ते सांगता येत नाही. घरात आम्ही कोणी हा विषय काढत नाही. तुम्ही ते लिहिणार का? लिहिलंत तर ते वाचल्याशिवाय सही करणार नाहीत."

तिथे माझं डोकं चालेनासं झालं. प्रकरण बंद करायचा सरळ मार्ग होता. तक्रार गैरसमजातून झाली असा अहवाल द्यायचा आणि तसा तक्रारदाराचा जबाब जोडायचा. पण ज्या माणसाची सगळी प्रतिष्ठा त्याच्या स्मरणशक्तीत, त्याला मी काय सांगणार? तुम्ही स्वतः गाडी दिलीत आणि विसरलात, या वाक्याखाली त्याची सुंदर सही घ्यायची? आणि नाही घेतली, तर एक निर्दोष माणूस डबा घेऊन माझ्या दारात बसला होता. मी ठरवलं, आधी गाडी तरी ओळखू देत, पुढचं पुढे.

दुसऱ्या दिवशी आजोबा आले. फिटर खांबाशी हात बांधून उभा होता. त्याला त्यांनी ओळखलं नाही. गाडीला त्यांनी सावकाश फेरी मारली, चिमट्यावरून हात फिरवला, वेल्डिंगच्या जागी वाकून बराच वेळ पाहिलं.

"इन्स्पेक्टरसाहेब, ही माझी गाडी नाही," ते म्हणाले. "माझी सरळ होती." मग फिटरकडे वळून, हाताखालच्या माणसाचा नकाशा तपासावा तसे म्हणाले, "कोन मात्र अगदी बरोबर धरलाय हो."

फिटरने मान खाली घातली. त्यांना खरंच आठवलं नव्हतं, की सगळं आठवलं आणि त्यांनी त्या माणसाला सोडवलं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. जन्मभर चेहरे वाचून पोट भरलं, पण तो चेहरा मला वाचता आला नाही.

हवालदार घासलेटचा डबा घेऊन उभा होता. इतके दिवस राहून गेलेला नंबर आता घासून काढायचा का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, राहू दे. जबाबात लिहिलं, तक्रारदाराने वाहन ओळखले नाही, तुकड्यावरील क्रमांक वाचता येत नाही. गाडी बंधपत्रावर फिटरला परत दिली, रस्त्यावर आणायची नाही या अटीवर. चोरीचा गुन्हा खरा पण तपास लागत नाही, असा अहवाल पुढे यथावकाश गेला. नियमात बसणारं हे नव्हतं. ते मी केलं, आणि त्या रात्री मला झोप छान लागली.

पण त्याचा हिशेब मला वेगळ्याच रीतीने चुकवावा लागला. आजोबा दर महिन्याला येऊ लागले. स्वच्छ शर्ट, दोन पेनं. गाडीचा काही तपास लागला का, असं विचारायचे. मी म्हणायचो, शोध चालू आहे. ते आभार मानून जायचे आणि मी पुढचा तासभर कोणाशी धड बोलत नसे. त्यांचा मान राखायला गेलो आणि सापडलेल्या गाडीसाठी त्यांना पायऱ्या झिजवायला लावल्या, हे मला तेव्हा कुठे उमगलं. खरं सांगितलं असतं तर ते एकदाच दुखावले असते, आणि कदाचित महिन्याभरात तेही विसरले असते. नोकरीने मला खरं काढून घ्यायला शिकवलं होतं. ते सांगायचं कधी, हे कोणी शिकवलं नव्हतं, आणि या प्रकरणानेही ते नीट शिकवलं असं मी म्हणणार नाही.

निवृत्तीनंतर पहिल्याच रविवारी मी माझ्या गाडीतून आजोबांना आणि काकूंना डोंबिवलीला नेलं. फिटरने मोटारसायकल इमारतीच्या चौकात काढून ठेवली होती. टाकी काळीभोर रंगवली होती. मानेच्या नव्या वेल्डिंगवर त्याच्या बायकोने कुंकवाचं बोट लावलं होतं. आजोबा पुढे झाले, कोणी न सांगता कार्बोरेटरवरचं बटण त्यांनी दोनदा दाबलं आणि रुमालाला बोट पुसलं. फिटरने एक सावकाश किक मारली, मग एक जोरात. गाडी सुरू झाली. आजोबा डोळे मिटून पूर्ण वेळ तो आवाज ऐकत राहिले. काकूंनी त्यांचा दंड धरला होता.

गाडी बंद झाल्यावर ते माझ्याकडे आले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अगदी माझ्या गाडीसारखा आवाज आहे," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, फिटरला ऐकू जाऊ नये अशा बेताने त्यांनी विचारलं, "आमच्या गाडीचं काही कळलं का हो?"

मी म्हटलं, "शोध चालू आहे, काका."

ते समजुतीने हसले आणि म्हणाले, घाई नाही.