नेट पलंगापुरतं

नाव तुळशीराम. वय अडुसष्ट. राहणार मुक्काम पोस्ट कोन, तालुका पनवेल. व्यवसाय शेती, जमीन बिल्डरच्या ताब्यात. पद: अध्यक्ष, मोबाइलमुक्त विद्यार्थी समिती, स्थापना २०१६. पात्रता: स्मार्टफोन नसलेला गावातला एकमेव सधन इसम.

नेमणुकीच्या दिवशी तुळशीरामशेठनी शाल घेतली, नारळ घेतला आणि भाषण टाळलं. शाल घरी दाखवावी अशी बायको, सत्यवती, आता नव्हती. मुलगा भावेश दिवसभर साइटवर, सून तिच्या पार्लरात. जमिनीच्या पैशांतून उठलेल्या तीन मजली बंगल्यात माणसं एकमेकांना जिन्यात भेटत.

त्याच वर्षी वायफाय आलं. त्याचा डबा हॉलमध्ये लावायचा ठरला होता. शेठनी जोडणीला आलेल्या पोराला चहा पाजला आणि डबा आपल्या पलंगावरच्या भिंतीला मारून घेतला. भावेशला सांगितलं, वायर इथवरच पुरली. भिंती जाड, रेंज कशीबशी खोलीच्या उंबऱ्यापर्यंत जाई. तेव्हापासून बारावीतली नात निशा रोज संध्याकाळी पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसू लागली. बोलत नसे. मध्येच मोबाइलकडे बघून हसे, की शेठही हसत. कशाला, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

मग समितीचा कार्यक्रम झाला. पाहुण्या बाईंनी व्यसनाची लक्षणं सांगितली: पोर ताट गार करतं, तिसऱ्या हाकेला ओ देतं, पुस्तक उघडं ठेवतं पण पान उलटत नाही. अध्यक्ष मान डोलावत होते; शेवटच्या लक्षणाला मान थांबली. निशाचं रसायनशास्त्राचं पुस्तक कितीतरी दिवस त्यांच्या उशाशी त्याच पानावर पालथं पडलं होतं. ते त्यांना दिसलं नव्हतं असंही नाही.

सराव परीक्षेत निशा दोन विषयांत नापास झाली. भावेश पोरीवर ओरडला, क्लासवाल्यांवर ओरडला. डब्याला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी, निशा यायच्या आधी, शेठ पलंगावर चढले आणि प्लग काढला.

निशा आली, बसली, मोबाइल वर धरून हलवला. "आजा, बंद पडलाय?"

"नाय. मीच काढलाय." मग म्हणाले, "वायर हॉलपर्यंत पुरत होती गं."

हा कबुलीजबाब आहे हे निशाच्या ध्यानात आलं नाही. परत लाव म्हणाली. शेठ म्हणाले, आता नाय. तू पुस्तक घेऊन बस, मी मधे बोलणार नाय.

"पण मग इथं बसून काय करू, आजा?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. शेठनी जेवलीस का, असं विचारलं. जेवायला अजून वेळ होता.

मोबाइलमुक्तीचा प्रारंभ स्वगृहापासून केल्याबद्दल अध्यक्षमहोदयांच्या अभिनंदनाचा ठराव समितीने एकमताने मंजूर केला. आणखी एक शाल आली. निशाने दुसऱ्याच दिवशी नेटपॅक टाकला. ती आता वरच्या मजल्यावर बसते.